पाठ केलेली उत्तरं

“क,” मी म्हटलं आणि घड्याळाकडे बघितलं. “एक मिनिट. सुरू.”

“कमळ, कणीस, कंदील, कात्री, कुलूप, केरसुणी, कोयता, कावळा...” आमचे हे डोळे मिटून म्हणत होते. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. मोकळा सोडला की तो टेबलावर आपटायचा आणि माझा मोजण्यात घोळ व्हायचा. “...कढई, कागद, किल्ली, कोबी, कारलं, काकडी, केळ, कुंचला.”

“सोळा,” मी म्हटलं. “काल अठरा होते. कुदळ आणि कासव राहिलं.”

“कासव मुद्दाम सोडलं. परीक्षेत स्वतःचं नाव कुठं लिहायचं नसतं ना, बाई?”

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. तयारीच्या तासाला हसलं की पोरं सैल पडतात, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव. उदगीरला मी चौथीचा वर्ग आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास घेत असे. हे त्याच शाळेत चित्रकलेचे शिक्षक. गावाला आम्ही हत्तरगे सर आणि हत्तरगे बाई. घरात मी प्रमिला. पण मी फार हुकूम सोडायला लागले की हेही मला ‘बाई’ म्हणायचे.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. घरात-गावात कुणाला सांगितली नव्हती, शैलेशलासुद्धा नाही. शैलेश म्हणजे आमचा मुलगा, पुण्यात नोकरीला आहे. सांगण्यासारखी गोष्टच नाही ही. बाईनं कॉपी पुरवली, एवढंच तिचं सार.

ह्यांना पार्किन्सन होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आधी करंगळी हलायची, मग हात, मग सगळं उजवं अंग आखडत गेलं. ज्या माणसाचं फलकलेखन बघायला शेजारच्या तालुक्यातले शिक्षक यायचे, त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. गोळ्या वाढत गेल्या. दिवसाला अकरा गोळ्या. गोळी चढली की अंग वेडंवाकडं हलायचं, उतरली की लाकूड व्हायचं. मधली जी दोन-अडीच तासांची फट मिळायची, तीत अंघोळ, जेवण, सगळं उरकायचं.

मग पुण्याच्या डॉक्टर आठल्यांनी ऑपरेशनचं सुचवलं. कवटीला भोकं पाडून मेंदूत दोन बारीक तारा सोडायच्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवायची आणि तिच्या करंटनं कंप आवरायचा. “सर चांगले उमेदवार वाटतात,” डॉक्टर म्हणाले. “पण आधी आमच्या मानसतज्ज्ञ त्यांना तपासतील. स्मरणशक्ती खालावलेली असली किंवा मन फार खचलेलं असलं, तर आम्ही ऑपरेशन करत नाही. त्रास वाढू शकतो.”

त्यांनी ‘तपासतील’ म्हटलं. मला ‘परीक्षा’ ऐकू आलं.

बाहेर बाकावर साताऱ्याकडच्या एक कदम वहिनी बसल्या होत्या. “आमच्या ह्यांस्नी नापास केलं बघा,” त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “आठवण कमी पडती म्हणाले. आन् मन बी ठीक न्हाई म्हणाले. आता माणूस एवढा आजारी म्हटल्यावर मन ठीक कसं राहील वो?”

मी त्यांच्याजवळ सरकून बसले. त्यांच्या दुःखात सहभागी व्हायला बसले असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी विचारलं, “नेमकं काय काय विचारलं?” आणि फाइलच्या पाठकोऱ्या कागदावर सगळं उतरवून घेतलं. दहा शब्द ऐकवून वीस मिनिटांनी परत विचारतात. घड्याळ काढायला लावतात. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. एका अक्षरावरून मिनिटभर शब्द सांगायचे. आणि शेवटी मनाबद्दलचे पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. तेही कदम वहिनींना जवळजवळ सगळे आठवत होते, कारण नापास झालेला नवरा वाटेत तेच तेच बोलत होता.

परीक्षेला आठ दिवस होते. आठ दिवसांत मी गणितात कच्ची पोरं काठावर आणून सोडलेली आहेत.

दोनशे पानी वही घेतली, समास आखला. शंभरातून सात वजा करायची काही गरज नव्हती. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, पाढ्यासारखं म्हणायचं. दहा शब्द लक्षात राहत नव्हते, तेव्हा ते सगळे एका चित्रात बसवायला सांगितले. नारळाच्या झाडाखाली देऊळ, देवळाच्या पायरीवर बैल, बैलाच्या शिंगात छत्री. ह्यांना ते आवडलं. “बैलाला जांभळा रंग देऊ का?” म्हणाले.

मनाचे प्रश्न पहिल्या दिवशी घेतले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

“दिवस रिकामा वाटतो का?”

“हो.”

“चूक,” मी म्हटलं आणि लाल पेननं फुली मारली. “पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडून दिल्यात का?”

“हो.”

“चूक. बहुतेक वेळा आनंदी असता का?”

“नाही.”

“अहो, तिथं ‘हो’ म्हणायचं! ही तिसरी चूक झाली.”

हे माझ्याकडे बघत राहिले. “अगं, पण मला वाटतं ते असं आहे.”

“तुम्हाला वाटतं ते मला सांगा. तिथं सांगायचं नाही.”

“तुला कधी सांगू? तू बसतेस कुठं?”

“ऑपरेशन होऊ द्या. मग बसते,” मी म्हटलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

पंधरापैकी अकरा चुका निघाल्या. पण प्रश्न समजून घ्यायच्या भानगडीत पडायचंच नाही, असं मी ठरवलं. उत्तरांची ओळ तयार केली: हो, नाही, नाही, नाही, हो, नाही, हो... अशी शेवटपर्यंत. तिला एक ठेका दिला. सकाळी बटणं लावताना, दुपारी घास भरवताना, तो ठेका मी म्हणवून घ्यायचे. हे म्हणायचे. आठव्या दिवशी पंधरापैकी पंधरा आले. मी वहीत लाल पेननं ‘शाब्बास’ लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. ह्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि वही मिटून माझ्याकडे दिली.

परीक्षा घेणाऱ्या मानसतज्ज्ञ होत्या रेवती निमकर, तिशीच्या आतबाहेरची मुलगी. मला बाहेर बसवलं होतं. तासाभरानं त्या दार उघडून आल्या. “सर अगदी तल्लख आहेत हो! आणि एवढ्या आजारात मन इतकं प्रसन्न! तुमचं कौतुक आहे, बाई.” मी ते कौतुक घेतलं. नाही म्हणाले नाही.

ऑपरेशन झालं. हे जागेच होते; डोक्याला लोखंडी चौकट घट्ट बसवून डॉक्टर तारा सरकवत होते आणि हात उघडा, मिटा असं सांगत होते. तीन आठवड्यांनी बॅटरी चालू केली. डॉक्टरांनी हातातल्या यंत्रावर आकडा वाढवत नेला आणि समोर बसलेल्या माझ्या नवऱ्याचा उजवा हात थांबला. पंखा बंद केल्यावर थांबतो तसा, हळूहळू, आणि मग पूर्ण. शैलेश रडायला लागला. नर्सनं कागद-पेन दिलं. ह्यांनी ‘श्री’ काढला. वळणदार, तोच, जुना. मी वॉर्डभर पेढे वाटले.

त्यानंतरचे सहा महिने मी सुखात होते. हे वाक्य मला असंच लिहायचं आहे. सहा वर्षांत पहिल्यांदा मी सलग झोपत होते, कारण आता हे कुशीवर स्वतः वळायचे. बटणं स्वतः लावायचे. मी महिला मंडळात पुन्हा जायला लागले. नळेगावला भावाकडे चार दिवस राहून आले, मागं फोनसुद्धा केला नाही. गोळ्या अकरावरून तीनवर आल्या होत्या आणि सहा महिन्यांच्या तपासणीनंतर त्याही बंद करून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

हे गप्प झाले होते, ते मला दिसत नव्हतं असं नाही. आवाज इतका बारीक झाला होता, की शेजारी बसल्याशिवाय ऐकू येत नसे. मध्येच शब्द अडायचा. “ते... ते हे दे गं,” म्हणायचे आणि वाटीकडे बोट दाखवायचे. मला ‘बाई’ म्हणून चिडवणं बंद झालं होतं. गावातली माणसं हात बघायला यायची. हे पाटीवर ‘श्री’ काढून दाखवायचे आणि पुन्हा खुर्चीत जाऊन भिंतीकडे बघत बसायचे. “एवढं मोठं ऑपरेशन झालंय, थकवा राहणारच की हो,” शेजारच्या हुडे काकू म्हणायच्या, आणि मीही तेच म्हणायचे.

शिवाय ह्यांनी लिहायला घेतलं होतं. त्याचा मला केवढा आनंद. एकदा मी सहज म्हटलं, “एवढा हात सुधारलाय, तर माझ्या डब्यांवर तरी नावं घाला.” ह्यांनी ड्रॉइंग शीटच्या पट्ट्या कापल्या आणि साखर, रवा, तूरडाळ, सगळं शाईनं रेखून लिहिलं. माझं स्वयंपाकघर प्रदर्शनासारखं दिसायला लागलं. मग हे थांबेचनात. रोज एक तरी पाटी. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला घरभर फिरवून दाखवायचे.

सहा महिने झाले आणि आम्ही पुण्याला गेलो. पुन्हा तीच खोली, त्याच रेवती मॅडम. त्यांच्या कागदावरून डॉक्टर दुपारी गोळ्यांचं ठरवणार होते. या वेळी त्यांनी मलाही आत घेतलं. “सरांचं मला नीट ऐकू येत नाही. तुम्ही शेजारी बसा आणि ते म्हणतील ते मला सांगत जा. तुमचं काही घालू नका हं मध्ये.”

“नाही, नाही,” मी म्हटलं. “मी कशाला घालू?”

“क,” मॅडम म्हणाल्या. “एक मिनिट.”

“कमळ,” हे म्हणाले. “कणीस. कंदील.” मग थांबले. मी मनात म्हणत होते, कात्री, कुलूप, केरसुणी. ह्यांचे ओठ हलत होते. भिंतीवरचा सेकंदकाटा अर्धा फिरला. “कागद,” हे म्हणाले. आणि मिनिट संपलं.

“चार,” मॅडमनी लिहून घेतलं. “असू दे. या ऑपरेशननंतर काही जणांना शब्द जरा उशिरा सुचतात. घाबरू नका.”

मग त्यांनी मनाचे प्रश्न काढले. “आयुष्याबद्दल एकूण समाधान वाटतं का?”

“हो.”

“पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडून...”

“नाही,” हे म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आत.

“दिवस रिकामा...”

“नाही.”

नाही, हो, नाही, हो. कंदिलानंतरची कात्री आठवत नव्हती त्या माणसाला. पण हा ठेका अजून तोंडात जसाच्या तसा होता. मी एकेक उत्तर मॅडमना मोठ्यानं सांगत होते. माझीच उत्तरं, माझ्याच आवाजात. पंधराच्या पंधरा झाली. मॅडमनी बेरीज केली आणि खूश झाल्या.

“मूड उत्तम. बघा, शब्दांचं सोडलं तर सगळं छान आहे.” त्या शेवटचा रकाना भरायला लागल्या. “आणि हात? हाताचा काही उपयोग करतात का घरी?”

“करतात म्हणजे काय!” मला विषय मिळाला. “अहो, घरभर पाट्या लिहिल्यात. बघत राहावं असं अक्षर. स्वयंपाकघरातले डबे झाले, मग पाण्याच्या मोटारीचं बटण. कुठलं चालू करायचं, किती मिनिटांनी बंद करायचं, सगळं लिहिलंय. गच्चीवरच्या टाकीचा कॉक, उन्हाळ्यात किती फिरवायचा. इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घालायचं. प्लंबरचा नंबर, वायरमनचा नंबर. पेन्शनच्या कागदांची फाइल लावली, तिच्यावर माझं नाव घातलंय, मोठ्या अक्षरात.”

“ही कामं घरात कोण करतं?”

“हेच करतात. पहिल्यापासून. मला त्यातलं काही कळत नाही.”

“मग सरांना लिहून ठेवायची गरज का पडली? विसरायला होतं का?”

“नाही हो. ह्यांना सगळं पाठ...”

माझं वाक्य तिथंच राहिलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. जरासुद्धा हलत नव्हता तो. मागच्या आठवड्यात ह्यांनी आपले सगळे कुंचले शाळेतल्या नव्या चित्रकला शिक्षकाला देऊन टाकले होते. मी म्हटलं होतं, बरं झालं, कपाट मोकळं झालं.

मॅडमनी पेन उचललं. ‘गोळ्या बंद करण्यास हरकत नाही’ असं काहीतरी त्या आता लिहिणार होत्या. दुपारी डॉक्टर ते वाचणार होते. संध्याकाळी आम्ही उदगीरच्या गाडीत बसणार होतो.

“मॅडम,” मी म्हटलं, “ही उत्तरं ह्यांची नाहीत.”

“म्हणजे?”

“माझी आहेत. मी पाठ करून घेतलीत. आत्ताची आणि ऑपरेशनच्या आधीचीसुद्धा.”

चौतीस वर्षांत मी किती पोरांच्या कंपासपेटीतून चिठ्ठ्या काढल्या असतील. पकडलेलं पोर कसं उभं राहतं ते मला माहीत होतं. आता कसं वाटतं तेही कळलं. मी सगळं सांगितलं. कदम वहिनी, वही, ठेका, लाल पेन. मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“बाई, यात पास-नापास नव्हतं,” त्या हळू म्हणाल्या. “खरी उत्तरं कळली असती, तर आधी मनावर उपचार केले असते. तीन-चार महिने गेले असते, मग ऑपरेशन केलं असतं. यातल्या काही गोळ्या हाताबरोबर मनालाही धरून ठेवतात. मन आधीच खचलेलं आहे हे माहीत असतं, तर आम्ही त्या इतक्या भराभर कमी केल्या नसत्या.”

“तीन-चार महिने,” मी म्हटलं. मला तेवढंच ऐकू आलं होतं. आणि मग जे मी स्वतःलाही कधी म्हटलं नव्हतं ते तोंडातून निघालं. “तीन-चार महिने माझ्याच्यानं निघाले नसते, मॅडम. मी थकले होते. ह्यांचा हात बरा व्हायला हवा होता, कारण माझे हात उरले नव्हते. ह्यांना कसं वाटतं हे ऐकायला बसले असते, तर मला पुन्हा उठता आलं नसतं.”

हे काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणतात सर?” मॅडमनी विचारलं.

मला ते सांगायची लाज वाटत होती, पण कामच ते दिलं होतं. “म्हणतात, तिला बोलू नका. मीच पाठ केलं. मला तिच्याकडून शाब्बास हवं होतं.”

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. डॉक्टर आठल्ये बोलायचं ते बोललेच. मग त्यांनी दोन गोळ्या परत सुरू केल्या, मनासाठी वेगळी एक दिली, करंटचा आकडा थोडा बदलला. आम्ही महिनाभर शैलेशकडे राहिलो आणि ह्यांना एकटं सोडायचं नाही हे मला बजावून सांगितलं गेलं. हात पुन्हा जरासा हलायला लागला. अक्षर बिघडलं. शब्द पहिल्यासारखे कधीच आले नाहीत. पण दिवाळीच्या सुमाराला एक दिवस साखरेच्या डब्यावर नवी पाटी दिसली, वाकड्यातिकड्या अक्षरात, ‘बाईंनी कमी खावी.’ त्यानंतर हे सहा वर्षं जगले आणि गेले ते न्यूमोनियानं, माझा हात हातात धरून. मोटार मी अजूनही त्यांची पाटी वाचूनच चालू करते.

पण त्या दिवशी त्या खोलीत यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मॅडमनी छापील कागद उलटा ठेवला. “सर, आता मी माझ्या शब्दांत विचारते. घाई नाही. पाठ केलेलं सगळं विसरा.”

आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो चौदावा होता. वर तुम्हाला तयारीचं सांगताना मी तो गाळला. पहिल्या दिवशी मी तो वाचला होता तेव्हा हे म्हणाले होते, “कधीकधी.” “कधीकधी असं उत्तर नसतं,” मी म्हटलं होतं. “हो किंवा नाही.” “मग हो,” हे म्हणाले होते. मी फुली मारली होती आणि पंधरावा घेतला होता. भाजी जळत होती म्हणून घाई केली होती, हेही मला आठवतं.

“सर,” मॅडमनी विचारलं, “आपण आता नसलेलं बरं, असं मनात येतं का?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर अडलं की पोरं बाईंकडे बघतात, तसं. माझ्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, भुवई हलते का, ते शोधत होते.

मी उठले, खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसले. भिंतीवर काही नव्हतं. नुसता पांढरा रंग, आणि एक खिळा.

मग पाठीमागून ह्यांचा तो बारीक आवाज आला.

“बाई, काय म्हणाले सर?” मॅडमनी विचारलं. “मला ऐकू नाही आलं.”

“हो म्हणाले,” मी भिंतीला सांगितलं. “रोज येतं म्हणाले.”

मग मी मान वळवली. हे अजून माझ्याकडेच बघत होते. उत्तर देऊन झालेलं होतं आणि आता बाई काय म्हणतात याची वाट बघत होते.

“बरोबर,” मी म्हटलं.